बेसिनमधले काळे कण

बेसिनमध्ये पहिल्यांदा काळे कण दिसले, तेव्हाच मी ठरवून टाकलं की आईने पुन्हा मशेरी सुरू केलीय. पंचवीस वर्षांपूर्वी अल्सर फुटून तिचं अर्धं पोट काढलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी तिची ही भाजलेली तंबाखू दातांना लावायची सवय सोडवली होती. पण कोकणातली बाई आणि मशेरी, माझा भरवसा नव्हता.

आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत लपवायला जागा ती किती. तरी मी तांदळाचा डबा उपसला, देवांच्या तसबिरींमागे हात घातला. शेजारच्या काकू नुकत्याच गावाहून आल्या होत्या, म्हणून साखर मागायच्या निमित्ताने त्यांच्या तव्याचा वास घेऊन आले. आई सकाळी मोरीचं दार लावून नळ मोठा सोडायची, त्याचा मला फार राग यायचा. तिला चक्कर येऊ लागली तेव्हा तर माझी खात्रीच पटली. मशेरी लागली की चक्कर येतेच.

"डबी कुठेय?" मी रोज विचारायचे.

"नाय गो, सोडलंय मी," ती म्हणायची आणि भिंतीला धरून बसायची.

एका दुपारी ती मोरीच्या उंबऱ्यातच कोसळली. लादीभर काळी उलटी. पुसायला वाकले, तर तंबाखूचा वासच नाही. मी धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षात ती माझ्या खांद्यावर पडून होती, ओठ पांढरेफटक.

दुर्बिणीतून तपासून डॉक्टर म्हणाले, "जुन्या ऑपरेशनच्या जोडावर जखम झालीय. बरेच दिवस थोडं थोडं रक्त जातंय. पोटात राहिलं की ते काळं पडतं." शीसुद्धा काळी होत असणार, असंही म्हणाले.

रक्ताची दुसरी बाटली लागल्यावर तिने डोळे उघडले. मी चिडलेच.

"सांगितलं का नाहीस?"

"परत कापतीत म्हणान भियालंय," ती म्हणाली. "आणि तू माका इचारलंस खंय, पोटात काय होता ता? मशेरी खंय लपवलंस, इतक्याच इचारलंस. सांगितलंय असतंय, तर मशेरी गिळलंस म्हणाली असतंस."

म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते.