दाराकडं तोंड करून बसणारा हनीफ

हनीफ गेला तेव्हा मी त्याच्यासमोरच बसलो होतो. पाच आठवडे झाले. शहागंजातलं त्याचं चामड्याचं दुकान, दुपारची वेळ, पुढ्यात अर्धा शिवलेला कमरपट्टा, हातात आरी. मला म्हणाला, "दिगू, देख तो, बाहर कौन खडा है." मी मान वळवून दाराकडं पाहिलं. कुणीच नव्हतं. परत वळलो तर हा टेबलावर कलंडलेला आणि आरीचं टोक तळहातात घुसलेलं. रक्त थेंबभरच आलं. डॉक्टर म्हणाले, हृदय त्याआधीच थांबलं होतं.

मयतीला सगळा मोहल्ला लोटला. "लई दिलदार माणूस," लोक म्हणत होते, आणि लगेच आवाज दाबून, "पण तरुणपणी हात जड होता बरं का. एकाचा डोळा फोडून जेलात जाऊन आला." मी डोक्याला रुमाल बांधून तिथंच उभा होतो. सगळं ऐकत होतो.

आमची दोस्ती जुळवली ती इंग्रजी सिनेमांनी. मी पिशोरचा, शिकायला शहरात आलेलो. त्याचे वडील टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायचे. रविवारी सकाळी टॉकीजला स्वस्तात इंग्रजी खेळ लागायचा, आणि बहुतेक वेळा तो घोडे-पिस्तुलवाल्यांचाच असायचा. इंग्रजी आमच्या दोघांच्या बापालाही येत नव्हतं, पण गोळीला कुठली आलीय भाषा? धुळीनं भरलेलं गाव, एकच रस्ता, हॅटवाला एकटा माणूस आणि समोर चार हरामखोर. दारूच्या गुत्त्यात पाठीवर खुर्च्या मोडायच्या, माणसं काचेतून आरपार जायची, दात सांडायचे, आणि पुढच्या बाकांवरचे आम्ही "मार! अजून मार!" म्हणून घसा फोडायचो. मला ती मारामारीच आवडायची. हनीफ मात्र हीरोचे हात बघत बसायचा. साजाच्या उरलेल्या चामड्यातून त्यानं कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान शिवलं होतं, त्यात कंगवा ठेवायचा! बाहेर आलो की त्याचं प्रवचन सुरू. "देख, हीरो पयले हात नै उठाता. पीछे से तो कभीच नै मारता. और दरवाजे को पीठ देके नै बैठता." मी म्हणायचो, "अरे येड्या, अशानं पहिल्याच रिळात मरशील." तो म्हणायचा, "मरेंगे."

मग तो रविवार आला... टॉकीजच्या आवारात तिकिटं ब्लॅकनं विकणारा बबन नावाचा एक दांडगा होता. मी त्याला चारचौघांत चोर म्हणालो. माझं तोंड तेव्हाही असंच सुटायचं. त्यानं माझी कॉलर धरून दोन मुस्काटात हाणल्या, ओठ फुटला. हनीफ मध्ये पडला. बबननं सायकलची चेन मुठीला गुंडाळली. भोवतीची माणसं भराभर पांगली. हनीफनं दोन्ही हात खाली सोडले, तळवे उघडे. "मार. पयले तू मार." बबन थबकला. आईशप्पथ सांगतो, तो मारणार नव्हता. चेन सैल पडत होती, मला दिसत होती. तरी मी भीतीपोटी शेजारच्या गाडीवरची सोड्याची बाटली उचलली आणि मागून येऊन, तो वळतोय तोच, त्याच्या तोंडावर घातली. काच फुटली. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त राहिलं. तो ओरडत खाली कोसळला, मातीत पाय घासत राहिला, मग निपचित पडला.

हनीफनं माझ्या हातातला बाटलीचा फुटका गळा हिसकावला. "भाग."

"अरे पण..."

"तेरी मास्तरकी की ऑर्डर आ गई ना? मेरी दुकान कहाँ जाती? भाग बोला ना, साले!"

मी पळालो. बबन शुद्धीवर येईपर्यंत हनीफनं चौकीत कबुली देऊन टाकली होती. तिथं त्याला इतकं तुडवलं, की उजव्या हाताचं मधलं बोट पुन्हा कधी वाकलं नाही. नंतर दीड वर्ष जेल. त्या दीड वर्षात मी गंगापूरकडच्या शाळेत फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहीत होतो. थू माझ्या जिंदगानीवर!

तो सुटला त्या आठवड्यात मी दुकानात गेलो. मान खाली घालून, दाराकडं पाठ करून बसलो. तेवढ्यात हनीफ टेबलावरून माझ्या अंगावर झेपावला. बबन सुरा घेऊन आत शिरला होता, आणि तो हनीफसाठी आलाच नव्हता. "मला ठाव हाय कुणी मारलं! चौकीत कुणी ऐकलं नाय. एक डोळा हाय अजून!" माझ्या मानेवर येणारा वार हनीफनं हातावर झेलला. मनगटापासून कोपरापर्यंत हात उसवला. चामड्यावर रक्त, माझ्या सदऱ्यावर रक्त. तरी दुसरा हात त्यानं उचलला नाही. "बबन, डेढ साल मैं दिया. ये हाथ भी ले. अब बस कर." बबनच्या हातून सुरा गळाला. भिंतीला टेकून तो ढसाढसा रडला. पुढं तो चपला हनीफकडूनच शिवून घ्यायचा, आणि मरेपर्यंत त्यानं कुणापाशी तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून हनीफची खुर्ची दाराकडं तोंड करून, आणि माझी त्याच्यासमोर. "तू बैठ आराम से. मैं हूँ ना देखने को." चाळीस वर्षं मी त्या भरवशावर चहा ढोसला. त्याच्या नसरीनची दोन स्थळं 'बाप जेलवाला' म्हणून मोडली, तेव्हाही ढोसला. एकदाच म्हणालो, आता मी बोलतो. त्यानं हातातली आरी माझ्याकडं रोखली. "नक्को. जबान दे." मी दिली. खरं सांगतो, देताना मला हायसं वाटलं. त्याची आज शिसारी येते.

दुकान आता नसरीन बघते. परवा तिनं चहा दिला आणि विचारलं, "चाचा, तुम्ही तर तेव्हापासूनचे. अब्बांनी खरंच त्या माणसाचा डोळा फोडला होता?"

"जाऊ दे बेटा, जुनी गोष्ट."

ती आरी पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी मला कधी चापटसुद्धा मारली नाही. तरी लहानपणी मला त्यांच्या हाताची भीती वाटायची."

माझा कप तिथंच राहिला. उठून घरी आलो आणि लिहायला बसलो.

हनीफ, जबान मोडतोय. नसरीन, तुझ्या अब्बांनी उभ्या जन्मात कुणावर हात उचलला नाही. ज्या हाताची तुला भीती वाटायची, त्या हातानं फक्त झेललं. बाटली माझी होती.

हे पेपरात छापून येईल त्या रविवारी सकाळी मी दुकानात असेन. एक किल्ली हनीफनं माझ्याकडं ठेवलेली आहे. या वेळी त्याच्या खुर्चीवर बसेन, दाराकडं तोंड करून. तू ये, बेटा. माझे हात खाली असतील. पहिला हात तुझा.