पाखरं बघायला मेंबर कशाला व्हायचं?

परवा नातजावई सुट्टीला आला होता. त्याला पाखरांचा नाद. गळ्यात दुर्बीण, पायात जाड बूट. म्हणाला, "आजोबा, माळावर गेलं की दर वेळी ते मंडळवाले मेंबर व्हा म्हणून मागं लागतात. बघायला तर तसंही मिळतंच. व्हायचं का?"

मी म्हटलं, जेवून घे, मग सांगतो. तो जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी गाडीला गेला. म्हणून लिहून ठेवतोय. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत.

बहात्तरचा दुष्काळ सरून चार-पाच वर्षं झाली असतील. मी गिरणीत मागावर होतो. आठवड्याची सुट्टी आली की सकाळी सायकल काढायची आणि कुंभारीच्या पुढचा माळ गाठायचा, हा माझा नेम. बायको म्हणायची, "लोकांची माणसं सुट्टीला शिनेमाला जात्यात. आमचं ध्यान कोंबडी बघाया जातंय."

कोंबडी नव्हे, माळढोक. आम्ही लहानपणी त्याला हूम म्हणायचो. नर गळ्याची थैली फुगवून तसाच आवाज काढतो, वारा असला तर लई लांबवर जातो. कमरेएवढं पाखरू. चालतं असं की गावचा पाटील पीक बघत फिरतोय. माझा बाप हे बघत मेंढरं राखायचा, मीही बघत वाढलो. शहरात आलो, दिवसभर मागाचा खडखडाट कानात, आणि आठवड्यातनं एकदा तो माळ. तिथं गेलं की कान धुतल्यासारखे व्हायचे.

माळाचा एक तुकडा वनखात्यानं तार ओढून राखला होता. आत गवत गुडघ्याएवढं व्हायचं. तिकीट नव्हतं. तारेबाहेर उभं राहून कुणीही बघावं. शहरातल्या काही शिकलेल्या लोकांनी, त्यात डॉक्टर होते, वकील होते, पाखरांसाठी एक मंडळ काढलं होतं. त्याचं सगळं बघायचे एक शाळामास्तर. पावसाळ्याचे चार महिने पाखरं अंडी घालतात, तेवढ्यापुरता मंडळानं एक राखणदार ठेवला होता. म्हातारा धनगर. माळ राखीव झाला तशी त्याची मेंढरं बाहेर गेली, मग विकावी लागली, तर मंडळानं त्यालाच पगारावर घेतलं. मादी कुठं बसलीय ते हेरायचं, लांब बसून राहायचं, कुत्रं आलं, कावळा आला की गोफण फिरवायची. एवढंच काम, पण उन्हापावसात दिवसभर.

मास्तर मला तिथं नेहमी बघायचे. एकदा पावतीपुस्तक घेऊन आले.

"अण्णा, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त वेळा येता. मेंबर का होत नाही?"

"झालो तर काय मिळंल?"

"दर महिन्याला पत्रक येईल. वर्षातनं दोनदा जीपनं सहल. आणि आत आडोशाला लपण केलंय, त्यात बसून जवळनं बघता येईल."

मी म्हटलं, "मास्तर, मला पाय हायत, जीप नको. लपायला बाभळ हाय. आन् पत्रक आमी काय वाचणार? माझ्या बापानं ही पाखरं फुकट बगितली. आज त्याच्या पोरानं पावती फाडायची? उद्या चांदणं बगाया बी तुमी पुस्तक घेऊन याल."

मास्तर हसले. म्हणाले, "चांदण्याला कावळे खात नाहीत, अण्णा."

त्या बोलण्याकडं मी ध्यान दिलं नाही. आत आणखी एक गोष्ट होती, ती आज सांगायला हरकत नाही. त्या पावतीपुस्तकात सही करायची आणि मास्तर बघत उभे. माझी सही म्हणजे बैलगाडी चढाला लागल्यासारखी. ते मला नको होतं.

भाद्रपदातली गोष्ट. लागोपाठ दोन सुट्ट्या एक मादी मला एकाच जागी दिसली. मान तेवढी गवतावर. मी ओळखलं. राखणदार माळाच्या पार पलीकडं, ओढ्याच्या अंगाला बसलेला. तिकडं दुसरी मादी होती म्हणे. मी तारेखालनं आत गेलो. जायचं नसतं, हे ठाऊक होतं. मादी उठून पळत गेली आणि उडाली. खाली एकच अंडं. नुसत्या भुईवर, काडी नाही की पीस नाही. मातकट हिरवं, त्यावर तपकिरी डाग. माळढोकाची मादी वर्षाला एकच घालते. ते गेलं की बहुतेक वर्ष गेलं.

राखणदाराला सांगायला हवं होतं. सायकल होती, वळसा मारून गेलो असतो. पण सांगितलं असतं तर ते मंडळाचं अंडं झालं असतं. मला ते माझं हवं होतं. पगारी माणसाला दिसलं नाही, शिकलेल्यांच्या दुर्बिणीला दिसलं नाही, ते बिनपावतीच्या माणसानं शोधलं, हे मास्तरांना दाखवायचं होतं.

आता माळ असा की सगळीकडं सारखा. परत जागा कशी सापडायची? आमच्या गावाकडं सपाट रानात काही ध्यानात ठेवायचं असलं की चार दगड एकावर एक रचतात आणि वरच्याला चुना फासतात. लांबनं दिसतं. मी तेच केलं. अंड्यापासून दहा पावलांवर दगड रचले, कनवटीची तंबाखूची डबी काढली, बोटानं चुना घेऊन वरचा दगड पांढरा केला. रस्त्यावरनं बघितलं तर झकास दिसत होतं.

त्याच संध्याकाळी मास्तरांच्या घरी गेलो. "येत्या सुट्टीला चला, तुमच्या राखणदाराला न दिसलेलं दाखवतो," म्हटलं. मास्तर पोरासारखे खूश झाले.

सुट्टीला दोघं सायकलीवर निघालो. रस्त्यावरनं मी बोट केलं. दगड दिसत होते, पण वरचा पांढरा दिसेना. काळा दिसत होता. जवळ गेलो तसा तो काळा उडाला. डोमकावळा.

अंड्याचं कवच राहिलं होतं. मुंग्या लागल्या होत्या.

मास्तर खाली बसले. तेवढ्यात आम्हाला आत बघून राखणदार काठी टेकत आला. त्यानं कवच बघितलं, मग दगड बघितले.

"ह्या माळावर कावळ्याला बसाया जागा न्हवती," तो म्हणाला. "उडत उडत किती बगणार? दमून जायाचा. कुणीतरी त्याला खुर्ची टाकून दिली."

"गुराख्यांचं काम असेल," मास्तर म्हणाले.

"असंल." म्हाताऱ्यानं वरच्या दगडावरचा चुना नखानं खरवडला आणि बोटांत चोळला. माझ्याकडं बघितलंही नाही. मग एकेक दगड उचलून लांब लांब फेकला. मी उभा.

परतताना मास्तर सायकल हातात धरून चालत होते. म्हणाले, "अण्णा, आता म्हाताऱ्याचं कठीण आहे. मंडळातले काहीजण आधीच म्हणतात की तो झोपतो. गुरुवारी सभा आहे. हे कळलं की काढून टाकतील."

"त्याला मेंढरं बी न्हाईत आता," मी म्हटलं.

"तेच तर."

चार दिवस मागावर माझं ध्यान नव्हतं. सूत तुटायचं आणि मला कळायचं नाही. बुधवारी बायकोनं विचारलं, "तंबाखूची डबी तीन दिस फळीवरच हाय. सोडली का काय?"

मग सांगितलं तिला सगळं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"मग जाऊन सांगा की."

"सभा मेंबरांची असती. मी मेंबर न्हाय."

"मग व्हा."

"इतके दिस न्हाय म्हटलं, आन् आता..."

"अवो, नाक तर कापलंच हाय. पावती फाडल्यानं आनखी किती आखूड हुनार?"

सभा नव्या पेठेत, एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर. जिन्याच्या तोंडाशी टेबल टाकून एकजण बसला होता. "सभा फक्त सभासदांसाठी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "मग पावती फाडा." त्यानं सहीची जागा दाखवली. माझ्या मागं जिन्यावर दोघं-तिघं खोळंबले होते. मी सही केली. जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

वर सतरंजीवर सगळे बसलेले. राखणदार दाराशी, चपलांच्या जवळ. त्याला जाब द्यायला बोलावलं होतं. विषय निघाला. वकील म्हणाले, "अंडं जातं, दगड रचले जातात आणि राखणदाराला पत्ता नाही. मग आपण पगार कशाचा देतो?"

मी उभा राहिलो. मास्तर चकित होऊन बघत होते. म्हटलं, "दगड मी रचले. चुना बी माझाच. खूण म्हणून. तवा हा मानूस ओढ्याकडं दुसरी मादी राखत हुता. मी त्याला सांगितलं न्हाय."

"का नाही सांगितलंत?"

"मला मोठेपना पायजे हुता."

मग वकील म्हणाले, "अहो, तुम्ही मेंबर कधी झालात?"

"आत्ता. जिन्यात."

"मेंबर होऊन पाच मिनिटं नाहीत तर गुन्हा कबूल! असा मेंबर आपल्याला दुसरा मिळायचा नाही." सगळे हसले. मी हसलो नाही. राखणदारही हसला नाही. पण त्याचं काम राहिलं. मंडळानं एवढंच ठरवलं की बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, माळावर कसलीही खूण करायची नाही, दगड नाही, काठी नाही, चिंधी नाही. आणि कुणाला काही दिसलं तर आधी राखणदाराला सांगायचं. हे सांगायचं काम माझ्याकडं दिलं. मला वाटलं, चांगली शिक्षा आहे.

आता नातजावयाचा प्रश्न. मेंबर होऊन मला काय मिळालं? पत्रक यायचं, ते बायको डब्यात अंथरायची. जीपमध्ये मी एकदाच बसलो, उलटी झाली. पाखरू मला आधी दिसायचं तेवढंच दिसत राहिलं, एक इंच जवळ आलं नाही. नुसतं बघायचा हिशेब धरला तर मेंबर होण्यात राम नाही, हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो.

पण मी तारेबाहेर उभा राहून फुकट बघतो असं समजत होतो, तेव्हा एक म्हातारा माझ्या वाटचंही ऊन सोसत होता. ते मला दिसलं नव्हतं. आणि दुसरं असं, की नुसत्या बघ्याला कुणी जाब विचारत नाही. तो आला, बघितलं, गेला. त्याच्या हातनं काय मोडलं ते त्यालाही कळत नाही. मला जाब देता आला, कारण सतरंजीवर बसायचा हक्क होता. पावतीनं मला काही दिलं असेल तर ते हेच. ज्याला हे नको असेल त्यानं होऊ नये. जबरदस्ती नाही. पण मग तारेच्या आत पाऊलही टाकू नये.

सभेनंतरच्या सुट्टीला मी माळावर गेलो. राखणदार तारेपाशीच बसला होता. मी सायकल लावली, रामराम घातला. त्यानं घेतला नाही. मी उभाच. त्या साली ती मादी परत कुठं बसलेली दिसली नाही. ओढ्याकडची तेवढी बसली होती.

शेवटी म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. गोफण माझ्याकडं टाकली.

"मेंबर झालाय न्हवं? मग बसा हितं. ओढ्याच्या अंगाला नदर ठिवा. मी भाकरी खाऊन येतो. सकाळधरनं पोटात काय न्हाय."

तो बाभळीकडं गेला. मी त्याच्या जागेवर बसलो. बसायचा दगड तापलेला होता. ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं.