पहिला नंबर मारोतीचा

डोमाजीभाऊ सेलोकर वर्षातून एकदा धुतलेलं धोतर नेसत, टोपी घालत आणि चपला दाराबाहेर काढून लॅपटॉपसमोर बसत. पडद्यावर देशोदेशीचे सभासद कोट घालून जमलेले असत. इंटरनेटचे नंबर वाटणाऱ्या संस्थेची ती वार्षिक सभा. मतदान बटण दाबून होतं हे मी दरवर्षी सांगे आणि डोमाजीभाऊ दरवर्षी आधी हात वर करत. आमचा कॅमेरा बंद असे, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. "हात वर केल्याबिगर मत पक्कं होत नाई, म्याडम," असं म्हणून ते हात तसाच ठेवत आणि बटण मी दाबे.

करडीत त्यांचं केबलचं दुकान होतं. त्याआधी बरीच वर्षं ते गावच्या तळ्याचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाळीपाळीनं सोडत. जिथे पाण्यावरून भाऊ भावाच्या डोक्यात फावडं घालतो, त्या गावात डोमाजीभाऊंच्या पाळीवर मात्र कधी तंटा झाला नाही. पुढे केबल आली, केबलमागून इंटरनेट आलं, आणि तेही त्यांनी पाण्यासारखंच वाटायला घेतलं. मी मोहाडीची, विणकराच्या घरातली. घरात मागावर बसायला मी एकटीच नालायक निघाले म्हणून संगणक शिकले आणि त्यांच्याकडे नोकरीला लागले.

आमचे नंबर तेव्हा शहरातल्या एका मोठ्या कंपनीकडून उसने घेतलेले होते. पत्राला जसा घर नंबर लागतो तसा इंटरनेटवरच्या घरालाही लागतो, एवढं कळलं तरी पुरे. एके दिवशी कंपनीशी काहीतरी बिनसलं आणि तिनं नंबर काढून घेतले. तीन दिवस करडी आंधळी झाली. शाळेचे फॉर्म अडकले, ग्रामपंचायतीचे दाखले अडकले, आणि ज्या सासवांना सुनेच्या माहेरचे फोन नको होते त्यासुद्धा दुकानात येऊन शिव्या देऊन गेल्या. डोमाजीभाऊंनी सगळ्या शिव्या मान खाली घालून ऐकल्या. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "दुसऱ्याच्या तळ्याच्या भरोशावर धानाचे परे टाकू नये. आपलेच नंबर पायजेत."

म्हणून नंबर वाटणाऱ्या संस्थेच्या सभासदत्वाचा अर्ज. जगातले हे नंबर संपत आलेले, त्यामुळे नव्या सभासदाला दोनशे छप्पन्न मिळणार आणि तेवढ्यावरच भागवायचं. कोणता नंबर कुणाला देणार याची यादी अर्जाला जोडायची होती. मी सांगितलं की वीस घरांनी मिळून एक नंबर वापरला तरी चालतं. डोमाजीभाऊंना ते अजिबात पटलं नाही. एका चुलीवर वीस घरं शिजवत नाहीत, असं ते म्हणाले. घर तिथे नंबर. मग त्यांनी यादी सांगितली आणि मी मुकाट्यानं टंकली. पहिलं नाव मारोती. तळ्याचं पहिलं पाणी देवाच्या बांधीला आणि शेवटचं सोडणाऱ्याच्या स्वतःच्या बांधीला, ही गावची रीत.

आठवड्यानं संस्थेच्या अधिकाऱ्याचा फोन आला. फार सभ्य माणूस. "मॅडम, ये मारोती जी कौन हैं? इनका पहचान पत्र नहीं लगा है।" मी खरं सांगितलं. मग त्यानं समजावलं की यादीत खोटा ग्राहक निघाला तर अर्ज फेटाळावा लागेल. परवापर्यंत दुरुस्त करा.

डोमाजीभाऊ ऐकेनात. इकडे कंपनीनं नंबर परत दिले होते ते फक्त महिनाअखेरपर्यंत. सरपंच येऊन गेले, मास्तर येऊन गेले. देवळातल्या पुजाऱ्यानं तर शपथेवर सांगितलं की मारोती मोबाइल पाहत नाही. डोमाजीभाऊ म्हणाले, "तळं फुटलं तरी चालन. देवाची पाळी तोडाची नाई." मला इतका राग आला की मी त्यांच्यासमोरच राजीनामा लिहायला घेतला.

तो लिहिता लिहिता मला अभ्यासातली एक गोष्ट आठवली. अशा नंबरांच्या पट्ट्यातला पहिला नंबर कोणत्याच यंत्राला देत नाहीत. तो पट्ट्याच्या नावासाठी रिकामा ठेवतात. ही जगभरची रीत. मी डोमाजीभाऊंना तेवढं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मंजे त्याईलेही मालूम हाये," ते म्हणाले. "अन् शेवटचा कोनाले देतेत?"

शेवटचाही कुणाला देत नाहीत, त्यावर हाक मारली की ती सगळ्यांना एकदम ऐकू जाते, असं मी सांगितलं.

"मंग थो दवंडी देनाऱ्या कोतवालाचा. लिवा म्याडम, दोनी राखीव. मारोतीचं नाव लिवू नका, पन जागा तोडू नका."

अधिकाऱ्याला मी 'राखीव' असं कळवलं. तो हसला आणि म्हणाला, "हमारे गाँव में भी पहला हिस्सा उन्हीं का है।" महिना संपायच्या आत आम्ही सभासद झालो. ते पत्र चौकटीत घालून डोमाजीभाऊंनी मारोतीच्या तसबिरीशेजारी टांगलं. राजीनाम्याच्या कागदात त्यांनी भजी खाल्ली.

रोज संध्याकाळी ते दुकानात थांबून माझ्या लॅपटॉपवर पुण्याच्या लेकीशी बोलत. घरी बोलायचं सोडून इथे कशाला, असं मी विचारलं तर हसत. बायकोच्या धाकानं पळून येतात, असं मी ग्राहकांना सांगत असे आणि तेही होकार देत.

गेल्या हिवाळ्यात डोमाजीभाऊ झोपेतच गेले. सभासद म्हणून संस्थेकडे त्यांचंच नाव होतं, ते बदलून माझं टाकायचं होतं. बदलाचं कारण विचारलेल्या चौकटीत मी 'पाळी संपली' असं लिहिलं, मग खोडून सरळ कारण लिहिलं. सोबत ताजी यादी मागितली होती. ती वर्षानुवर्षं त्यांच्या वहीतून मी जशीच्या तशी उतरवत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली. घरं सगळी होती, डोमाजीभाऊंचं नव्हतं.

मी त्यांच्या घरी, काकूंकडे गेले. त्या धान पाखडत होत्या. तुमच्याकडे इंटरनेट नाही का, असं विचारलं तर त्यांना माझंच नवल वाटलं.

"वाटनाऱ्यानं आखरीले घ्यावं, असं मनत थे. अन् नंबर घ्याले लोक त येऊनच राहिले."

एक नंबर कुणीसा गाव सोडून गेल्यानं मोकळा झाला होता. तो मी काकूंच्या घराला दिला. वायर ओढून होईपर्यंत त्या धान पाखडत राहिल्या. मी निघाले तेव्हा दारात येऊन म्हणाल्या, "नवा गिऱ्हाईक आला त आमचा काढून देजो, बाई."

त्यानंतर तीन नवी घरं आली. तिन्हींनाही मी दुकानाच्याच एका नंबरावर कोंबलं आहे. डोमाजीभाऊ असते तर माझ्यावर ओरडले असते. ओरडू देत. काकूंचा नंबर मी काढणार नाही.