लेकीच्या दारातलं पाणी

धोंडबाचा ट्रक नागपूरहून भिलाईला निघाला की रस्त्यातले थांबे ठरलेले. साकोलीला चहा, देवरीला भजी, आणि बाघनदी ओलांडून पुढच्या सपाट मुलखात शिरलं की लेकीचं गाव. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मी तिथल्या स्टोअरचा कारकून, राहणारा दुर्गचा. १९५८ च्या उन्हाळ्यात यंत्रांच्या पेट्यांबरोबर मला चार वेळा त्याच्या शेजारी बसवून पाठवलं.

धोंडबा मूळचा साकोलीकडचा शेतकरी, तोंडानं फटकळ. मी काही विचारलं की म्हणायचा, "हरिभाऊ, तुमी पेट्या पाहा, सडक मी पाहतो."

लेकीचं, गुलाबचं, घर सडकेला लागूनच होतं. पहिल्या खेपेला ती लगबगीनं बादली घेऊन आली. तापलेल्या इंजिनाला पाणी मिळालं, मला तांब्याभर पाणी नि गूळ मिळाला. धोंडबा मात्र ओठांवरून जीभ फिरवत निंबाखाली उभा. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही आपली रीत. लग्नाला सात वर्षं झालेली. मला तर संतापच आला. लोखंडाला पाणी चालतं आणि बापाला चालत नाही! पण परक्याच्या घरातलं बोलणार कोण? मी गूळ खाल्ला आणि गप्प बसलो.

चौथ्या खेपेला गुलाबनं बादली भरली आणि पायरीवरच ठेवली.

"आन ना वं," धोंडबा म्हणाला, "इंजिन उकळून राहिलं."

"गाडीबी तुमचीच हाये, बाबा. तुमाले चालत नाही, मंग तिले कसं चालते?"

"असं काहून बोलतं?"

"तुमी कोरडे गेले का सासूबाई म्हनतात, पाहा, बापानंबी आस सोडली. आता दुसरी सून पाहून राहिल्या त्या."

एवढ्या वर्षांत हे धोंडबाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लेकीचं भलं व्हावं म्हणून तहान मारणारा बाप, आणि त्याच्याच तहानेचं बोट लेकीकडे दाखवलं जात होतं.

ओट्यावर विहीण, मैनाबाई, सुपात तांदूळ निवडत होती. धोंडबा तिच्यासमोर गेला, तिच्या डोळ्यांदेखत बादलीत तांब्या बुडवला आणि घटाघटा प्यायला. पुन्हा भरला, पुन्हा प्यायला.

"विहीनबाई, भात टाका. मी जेवूनच जाईन."

"अवो, पन नातवंड व्हाचं हाये ना अजून!"

"माझं लेकरू हाये ना या घरात. मी त्याच्यासाठीच थांबतो इथं."

गुलाब दाराला टेकून रडली. मैनाबाई सूप ठेवून मुकाट्यानं चुलीकडे गेली. जेवताना धोंडबानं मान वर केली नाही. मला भिलाईला पोचायची घाई होती, पण मीही दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

निघताना तो विहिणीला म्हणाला, "पुढच्या खेपेलेबी जेवनार हावो. अन् वाढाले माझी गुलाबच पाहिजे."