चपलेच्या दुकानातले रियाल

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार आहेत ते आप्पांचे. आडनाव आणि गाव लिहीत नाही. या लेखात कोणाचंच लिहिणार नाही. माझं खेडं शेजारच्या जिल्ह्यातलं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. आप्पांनी मला शाळेसाठी बीड जिल्ह्यातल्या आपल्या घरी ठेवून घेतलं, पुढे अंबाजोगाईच्या कॉलेजात घातलं आणि फौजदाराच्या परीक्षेला बसवलं. त्यांच्या घरात मला कधी परक्यासारखं जेवावं लागलं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढची घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते, आणि ती घटना आप्पांपासूनच सुरू होते.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना माझी बदली आप्पांच्याच तालुक्याच्या गावी झाली. ठाण्याचा प्रभारी मीच होतो. एका सकाळी हजेरी आटोपून मी आलेले अर्ज पाहत बसलो होतो, तेव्हा आप्पा केबिनमध्ये आले. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"माझ्या घरासमोर तो चपलावाला हाय ना, चाचा," ते म्हणाले. "रोज दुकान उघडलं की बाप-लेकीचं सुरू होतंय. रियाल इतका, दिरहम इतका, डॉलर इतका. बाप मोठ्यानं सांगतो, पोरगी कॉम्प्युटरवर बघते. भाव फुटतो बघ तिथं."

"सट्टा म्हणता?"

"सट्टा असंल, हवाला असंल. ते तू बघ. दुबईला पार्सलं जातेत. आपल्या गावच्या चपला तिकडं कोण घालतंय?"

खबर आली की आधी तिची खातरजमा करायची असते. साध्या कपड्यातला माणूस पाठवून पाहायचं आणि खबर देणाऱ्याचा त्यात काही मतलब आहे का, तेही तपासायचं. नव्या उपनिरीक्षकांना मी हेच शिकवत असे. आप्पांच्या बाबतीत मला ते सुचलं नाही. त्यांच्या शब्दाची खातरजमा करणं म्हणजे माझ्या दृष्टीने माझ्या वडिलांची झडती घेणं होतं.

'गोपनीय बातमीदारामार्फत खबर' अशी स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि बाजाराच्या दिवशी भर दुपारी जीप दुकानासमोर उभी केली. कॉम्प्युटर आणि मोबाइल पंचनामा करून जप्त केले. बँकेला खातं गोठवण्याचं पत्र दिलं. चाचांना चौकशीसाठी जीपमध्ये बसवलं. आजूबाजूचे दुकानदार बाहेर येऊन पाहत होते. चाचा साठीकडे झुकलेले, अंगात पांढरा सदरा. जीपमध्ये चढताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

ठाण्यात आमच्या हवालदारांनी सुरुवात केली. "चाचा, गिऱ्हाईक तुमच्याकडं चप्पल घ्यायला येतं का दिरहम मोडायला?"

"हवालदारसाहेब, तुमच्या पायातली बी आमच्याच दुकानातली हाय," चाचा शांतपणे म्हणाले. "तुमाला कवा दिरहम मागितला का?"

हवालदार त्या दिवशी साध्या कपड्यांत होते. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

मी विचारलं, "मग रोज सकाळी भाव कसले सांगता?"

"चपलेचाच भाव हाय साहेब. पर ते पोरीला इचारा. मला नीट सांगता येत न्हाई."

चौकशीसाठी बाईला ठाण्यात बोलवायचं नाही असा नियम आहे. पण चाचांची मुलगी आईला घेऊन आपणहूनच बाहेर बाकावर येऊन बसली होती. अंबाजोगाईला कॉम्प्युटरची पदवी घेतलेली, पंचविशीतली. महिला शिपायाला शेजारी बसवून मी तिला आत घेतलं आणि जप्त केलेला कॉम्प्युटर तिलाच सुरू करायला लावला.

वेबसाइट उघडली. चपलांचे फोटो, खाली किमती. ती म्हणाली, "सर, आपल्या भागातले पुष्कळ लोक सौदीला, दुबईला कामाला आहेत. काही अमेरिकेत आहेत. त्यांना घरच्यासारखी चप्पल लागते. पण किंमत रुपयांत दिसायची. प्रत्येक जण अब्बांना फोन करायचा, रियालमध्ये किती होतील? अब्बा अंदाजाने सांगायचे आणि मग भांडण व्हायचं. म्हणून मी ही सोय केली."

तिने कोपऱ्यातल्या यादीतून सौदी रियाल निवडला. त्याच चपलेखाली रुपयांचा आकडा जाऊन रियालचा आला. मग दिरहम, मग डॉलर.

"आमची किंमत रुपयांतच ठरलेली असते. वेबसाइट त्या दिवसाचा दर घेते आणि गुणाकार-भागाकार करून दाखवते. मध्यंतरी दर आठवडाभर अडकला होता. जुन्याच दराने आकडे दिसत राहिले आणि एका गिऱ्हाइकाने आम्हाला चोर म्हटलं. तेव्हापासून अब्बा रोज मोबाइलवर बँकेचा दर वाचून दाखवतात आणि मी वेबसाइटवरचा ताडून बघते. अब्बांना ऐकायला कमी येतं, म्हणून आम्ही मोठ्याने बोलतो."

जिल्ह्याच्या सायबर शाखेला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने वेबसाइट पाहिली, खात्यावरच्या जमा रकमा ऑर्डरींशी जुळवल्या आणि थोड्या वेळाने मलाच विचारलं, "साहेब, यात गुन्हा कोणता आहे?"

तरी आपली धाड चुकली हे कबूल करायला मन तयार होईना. मी चाचांना म्हणालो, "हे सगळं ठीक. पण अशी सोय केली आहे हे तुम्ही चार लोकांना सांगायचं होतं. बघणाऱ्याला संशय येणारच."

"सांगितलं की साहेब. उद्घाटन केलं. पेढे वाटले."

"कोणाच्या हातून?"

"आप्पांच्या. ते गाळ्याचे मालक. गावात काही नवं सुरू करायचं तर नारळ त्यांच्याच हातानं फुटतो."

मुलीने जप्त केलेल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. त्यात त्या दिवसाचं चित्रीकरण होतं. मी ते लावलं. दुकानात झेंडूची माळ, खुर्चीवर आप्पा, माउसवर त्यांचा हात. मुलगी विचारते, "आप्पा, पहिल्यांदा कोणत्या देशाचा पैसा लावायचा?" आप्पा हसतात. "सौदीचा लाव. तुझं सगळं गिऱ्हाईक तिकडंच हाय." आकडा बदलतो, सगळे टाळ्या वाजवतात. आप्पा म्हणतात, "हे लई भारी केलंस पोरी."

खबर कोणी दिली हे चाचांना मी सांगितलं नव्हतं. पण मी मोबाइल टेबलावर ठेवला तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहूनच ते काय समजायचं ते समजले. त्यांनी मुलीला हळूच सांगितलं, "बंद कर बेटा."

चाचांना घरी पाठवून संध्याकाळी मी आप्पांकडे गेलो. त्यांनी नाकारलं नाही.

"गाळा सोडत न्हाई तो," ते म्हणाले. "समोरचा रस्ता मोठा झाला, गाळ्याला आता मोल आलंय. जावयाला तिथं दुकान टाकायचंय. कोर्टात गेलो तर माझा जन्म जाईल. तू दोन दिवस बसवला असतास तर लाजंनंच गेला असता गाव सोडून."

"आप्पा, तुम्हाला सगळं माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर तुझ्याकडं आलो. दुसऱ्या फौजदारानं शंभर प्रश्न इचारले असते. तू घरचा हायेस."

मी पाणीही न घेता बाहेर पडलो. माझ्या शिक्षणाचा, वर्दीचा त्यांना असा उपयोग सुचावा आणि तो मी होऊ द्यावा, यातलं जास्त लाजिरवाणं कोणतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी खातं मोकळं करण्याचं पत्र बँकेला दिलं. ईदच्या ऑर्डरी तोवर अडकल्या होत्या. काही गिऱ्हाइकांनी रद्दही केल्या. कॉम्प्युटर परत न्यायला चाचा आले तेव्हा मी जीप काढायला सांगितली.

"जीप नको साहेब," ते म्हणाले. "जीपमदी बसलेलं सगळ्यांनी बघितलंय."

मग मी वर्दीत, डोक्यावर टोपी घालून, कॉम्प्युटर स्वतःच्या हातात घेऊन बाजारातून त्यांच्याबरोबर चालत गेलो. दुकानांपुढे थांबून सांगत गेलो, की यांच्याविरुद्धची खबर खोटी होती, चूक पोलिसांची झाली. कोणी मान डोलावली, कोणी नुसतंच पाहिलं. एका किराणावाल्याने विचारलं, "मग खोटी खबर दिली कोणी साहेब?" चाचाच म्हणाले, "जाऊ दे बे. चपला घ्यायच्या का तुला?"

दुकान त्याच गाळ्यात राहिलं. पण सकाळचे दर वाचणं त्या बाप-लेकीने बंद केलं. ती आता गुपचूप ताडून पाहते, असं हवालदारांनी मला सांगितलं. ते ऐकून मला धाडीच्या दिवसापेक्षा जास्त वाईट वाटलं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. खबऱ्याचं नाव झाकायचं ते खरी खबर देणाऱ्याच्या संरक्षणासाठी. खोट्याला ते पांघरूण नाही. आणि ज्याच्यापुढे आपली मान आपोआप वाकते, त्याने दिलेली खबर सर्वांत आधी तपासायची. माणूस वाईट असतो म्हणून नव्हे. आपण त्याला प्रश्न विचारणार नाही, हे त्याला ठाऊक असतं म्हणून.

त्या आठवड्यात मी आप्पांना लिहिलेलं पत्र असं होतं:

तीर्थस्वरूप आप्पांना,

साष्टांग नमस्कार.

खबर तुम्ही दिली होती आणि ती खोटी आहे हे तुम्हाला माहीत होतं, असा अहवाल मी आज वरिष्ठांना पाठवला आहे. लोकसेवकाला खोटी माहिती दिल्याबद्दल कोर्टात तक्रार करण्याची परवानगी मागितली आहे. खातरजमा न करता मी धाड घातली, हेही त्यात लिहिलं आहे. त्याची जी शिक्षा होईल ती मी घेईन.

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितो. तुमचे उपकार फिटले असं मी समजत नाही. ते फिटणारे नाहीत. पण ते फेडायला चाचांचं नाव वापरण्याचा मला हक्क नव्हता. ते त्यांचं होतं.

दोन-चार दिवसांत एक शिपाई नोटीस घेऊन येईल. तो नवा आहे, तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यावर रागावू नका. तुमचा जबाब दुसरे अधिकारी घेतील. तुम्ही ठाण्यात याल तेव्हा मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन. आणि मग खोलीबाहेर जाईन, कारण जबाब चालू असताना घरच्या माणसाने तिथे थांबायचं नसतं.

तुमचा