साहेबांची करंगळी

माजी महापौरांचं तैलचित्र काढायचं होतं. साहेबांना वेळ नाही, म्हणून त्यांचे पीए त्यांचं जाकीट घालून माझ्यासमोर बसायचे. बसायचे कसले! दर दहा मिनिटांनी उठून चित्रापाशी.

"अहो, केस काळे करा. हनुवटी एकच दाखवा. डोळ्यांत जरा विकास दिसू द्या."

विकास कुठल्या रंगात मिळतो, असं विचारलं, तर म्हणाले, "ते आपण बघा."

शेवटच्या दिवशी चेहरा एकदाचा पसंत पडला. मग ते हातांपाशी थबकले. समोर दिसली तशी, पीएंचीच वाकडी करंगळी मी काढून बसलो होतो. साहेबांची सरळ आहे. आता हात पुन्हा रंगवायचा, या विचारानंच माझं डोकं उठलं.

त्यांनी आपला हात जाकिटाच्या खिशात घातला.

"हे असू द्या," म्हणाले.