लेकीच्या कंपनीचा भाव

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात एकाच कंपनीचे शेअर घेतले, आणि तेही आहेर म्हणून. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी गंमत करतेय. गंमत कसली! घरगुती कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा आप्पा आमच्या गावाहून, दापोऱ्याहून, बऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या माझ्या घरी आले आणि दारात उभं राहूनच म्हणाले, "त्या कंपनीत आपल्यालेबी काही देता येतं म्हणे. शेअर म्हणतात त्याले."

मी म्हटलं, "देता येत नाही आप्पा, घेता येतात."

"तेच ते," आप्पा म्हणाले.

दारात उभं राहून, कारण आमच्याकडे बाप लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. आता बरीच माणसं पितात, जेवतात, मुक्कामसुद्धा करतात. आप्पा नाहीत त्यातले. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण माझ्या हातचा चहा त्यांनी माझ्या घरात घेतलेला नाही. बाजाराला आले की पिशवी दारात देणार, दोन शब्द बोलणार आणि गाडीला किक मारून निघून जाणार. मला याचा राग यायचा. नवरा म्हणायचा, जुनी माणसं आहेत, सोड ना. त्याचं काय जातं म्हणायला? उभ्या उभ्या परत जाणारा बाप माझा होता.

तर आप्पांच्या लेखी नोकरी म्हणजेही लेकीचं घरच. जिथलं ती खाते ते तिचं घर, एवढा साधा विचार. खरं तर मी कुठे जातही नव्हते. घरातल्याच टेबलापाशी कानाला हेडफोन लावून बसायचे. कुणाचा कॉम्प्युटर सुरू होत नाही, कुणाच्या पोरानं त्यावर दूध सांडलंय, कुणाला पासवर्ड आठवत नाही, असल्या लोकांना हिंदी-मराठीत समजावून सांगायचं, हे माझं काम. निम्म्या वेळा वायरच लावलेली नसायची. पण आप्पांसाठी ते माझं नवं घर होतं, आणि नव्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. मीच त्यांचं शेअरचं खातं उघडून दिलं, मोबाइलवर भाव कसा बघायचा ते शिकवलं आणि विसरून गेले.

मग कोरोना आला. शाळा घरात, ऑफिस घरात, ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा. कंपनीचा भाव चढतच गेला. आप्पा केळीचे शेतकरी. केळीवाल्याला माल धरून ठेवणं ठाऊकच नसतं. घड कापला की त्याच दिवशी ट्रकमध्ये गेला पाहिजे, भाव काय निघेल तो निघो. असा माणूस पटकन विकून मोकळा होईल, अशी माझी समजूत. मी स्वतः फोन करून म्हटलं, "आप्पा, विका आता. असा भाव परत येणार नाही."

ते माझ्यावरच चिडले. "लेकीच्या घरातून काढून आणू? लोक काय म्हणतीन?"

"लोकांना कळणार कसं?"

"मले कळीन ना," आप्पा म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला आणि विषय सोडून दिला.

पुढे शाळा उघडल्या, ऑफिसं उघडली. ज्यांना घ्यायचे त्यांचे कॉम्प्युटर घेऊन झाले होते; दर वर्षी नवा कोण घेतो? भाव उतरायला लागला. एक दिवस वर, तीन दिवस खाली. आणि उतरला रे उतरला की आप्पा आणखी थोडे शेअर घ्यायचे. एखादा हुशार माणूस स्वस्तात मिळतात म्हणून घेतो. आप्पा घ्यायचे ते लेकीचं घर अडचणीत आहे म्हणून. चढल्यावर काढायचं नाही आणि पडल्यावर टाकायचं, असा शेअर बाजार साऱ्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात एकटे आप्पाच खेळत असतील.

याच दिवसांत आई गेली.

आई होती तोवर फोन तिचा होता. आम्ही दोघी तासतासभर बोलायचो आणि आप्पा मागून ओरडायचे, कामाचं बोल अन ठेव. ती गेल्यावर मी रोज फोन करायला लागले, पण बोलणं होईना. मी काही विचारलं की ते म्हणायचे हां, बरं, ठीक आहे. मग दोघंही गप्प, दुसऱ्यानं फोन ठेवायची वाट बघत. चाळिशी ओलांडलेली बाई मी, दिवसभर अनोळखी लोकांशी बोलून पोट भरणारी, आणि स्वतःच्या बापाशी काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. याची मला फार लाज वाटायची. हळूहळू मी फोन करणंही कमी केलं.

एका दुपारी साडेतीनला, बाजार बंद झाल्या झाल्या, आप्पांचाच फोन आला.

"आज त पडला ना बाई. काहून पडला?"

काहून पडला ते मला काय माहीत? मी लोकांच्या वायरी लावून देणारी. पण त्यांनी मला काहीतरी विचारलं होतं. मी आपलं ठोकून दिलं, सगळा बाजारच नरम होता म्हणून. ते मन लावून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी साडेतीनला पुन्हा फोन. मग रोजच. भावापासून सुरू व्हायचं आणि कुठेही जायचं. तापीला पाणी किती आलंय, वाऱ्यानं किती झाडं आडवी झाली, आईची लुगडी कुणाकुणाला द्यायची. एकदा बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुझी आई मनातून माझ्यावर नाराज होती का गं?" त्या दिवशी भाव अगदी किरकोळ वर होता. आम्ही पाऊण तास बोललो. शनिवारी-रविवारी बाजार बंद असायचा, आणि त्या दोन दिवसांत मला करमायचं नाही.

माझी नोकरी गेली ती एका मेलवर. सकाळी हेडफोन लावायच्या आधी मेल उघडला, तर आमची सगळी टोळीच काढून टाकलेली. आता लोकांना उत्तरं यंत्र देणार होतं. नवरा शाळेत शिकवायला गेलेला. मग मी हेडफोन कानाला लावून बराच वेळ बसले होते, फोन येणार नाहीत हे माहीत असूनही.

साडेतीनला आप्पांचा आला. आईच्या मागे इतका खुश आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता.

"चढला ना माय! एकदम चढला! काय केलं तुम्ही लोकांनी?"

का चढला ते या वेळी मला खरंच माहीत होतं. माणसं कमी केली की खर्च कमी, खर्च कमी झाला की बाजार खुश. आम्हाला काढल्याची बातमी सकाळीच बाजारात पोचली होती.

"शाबास," आप्पा म्हणाले. "शाबास बाई. लई मेहनत केली तुम्ही."

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले होते, तेव्हासुद्धा आप्पांनी फक्त मान हलवली होती. आता त्यांनी शाबास म्हटलं, तेही दोनदा. मी म्हटलं, "हो आप्पा."

आप्पांना का नाही सांगितलं, असं नवरा रात्री जेवताना विचारत होता. त्याला वाटलं लाज वाटते म्हणून. लाज कसली, पाचशे जणांबरोबर गेली नोकरी. मला भीती होती ती दुसरीच. ती कंपनी माझी राहिली नाही, तर आप्पा तिचा भाव कशाला बघतील? आणि भाव नाही बघितला तर साडेतीनला फोन कशासाठी करतील? पुन्हा ते हां, बरं, ठीक आहे. नोकरी दुसरी मिळाली असती. बाप मला आत्ता कुठे मिळाला होता.

म्हणून मी दीड महिना खोटं बोलले. रोज तीनला बसून भाव बघून ठेवायचे आणि काहून चढला, काहून पडला याची कारणं तयार करायचे. "काम कसं चाललंय?" "चाललंय आप्पा." "जास्त टेन्शन नको घेऊ." "नाही घेत." फोन ठेवला की स्वतःचाच इतका संताप यायचा की भांडी आदळत बसायचे.

मग भाव पुन्हा घसरला, आधीपेक्षा खाली. एका गुरुवारी आप्पा म्हणाले, "केळीच्या कटाईचे पैसे आले आज. ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या, पण त्या राहू दे. सगळे तिकडेच टाकतो."

"कुठे टाकता?"

"तुझ्या कंपनीत. तुझं घर सांभाळलं पाहिजे ना."

"आप्पा, टाकू नका."

"तू मधात नको पडू."

मी फोन ठेवला, स्कूटी काढली आणि सरळ दापोऱ्याला गेले. अर्ध्या तासाचा रस्ता. सगळ्या रस्त्यात मी मोठ्यानं बोलून बघत होते, कसं सांगायचं ते. एकही वाक्य धड होत नव्हतं.

आप्पा ओट्यावर बसून केळीच्या झाडांना आधार द्यायच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत होते. मला बघून दचकले. "आज काहून आली? कामाचा दिवस ना तुझा?"

"काम नाही आता," मी म्हटलं. "नोकरी गेली माझी, आप्पा. त्या कंपनीत एक पैसा टाकू नका."

त्यांच्या हातातली दोरी थांबली. "कधी?"

"दीड महिना झाला."

ते मनातल्या मनात मागे गेले. मला दिसत होतं ते कुठपर्यंत पोचले.

"मतलब, तो एकदम चढला होता त्याच्या आगेमागे?"

"त्याच दिवशी. आम्हाला काढलं म्हणूनच चढला."

आप्पांनी दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "अन मी तुले शाबास म्हणलो."

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"दोनदा म्हणलो."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तुम्ही फोन करायचं बंद केलं असतं. म्हणून नाही सांगितलं. दुसरं काही नाही." इतकं सरळ मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आप्पा उठून आत गेले, माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि पुन्हा दोऱ्या घेऊन बसले. अंधार पडायच्या आत मी निघाले. "सावकाश जा," एवढंच ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी बाजार उघडल्या उघडल्या त्यांनी सगळे शेअर विकून टाकले. मिळेल त्या भावात. त्यांच्या खात्याचे मेल माझ्याकडे येतात म्हणून मला कळलं. एवढी वर्षं जपलेलं सगळं, सगळ्यात पडत्या दिवशी. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, थोडं थांबा. पण जिथून लेकीला हाकललं त्या घरात आप्पा एक दिवसही काही ठेवणार नव्हते.

त्या दिवशी साडेतीनला फोन आला नाही.

शनिवार-रविवार तर नसतोच. सोमवारी मी फोन समोर ठेवून बसले. चार वाजले. मंगळवारीही तेच. मीही लावला नाही. मला राग आला होता, कुणावर ते विचारू नका. त्यात सोमवारी तो भाव चांगलाच चढला. मला हसू आलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. नवरा म्हणाला, तूच लाव ना. मी म्हटलं, लावून बोलू काय? मला वाटत होतं तेच झालं होतं. मी खरं बोलले आणि फोन गेला.

बुधवारी दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. आप्पा. त्या वेळेला ते केळीच्या बागेत असतात, फोन करत नाहीत.

"काय झालं आप्पा?"

"काही नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"हाये की."

"मग काही काम होतं?"

"नाही," आप्पा म्हणाले. "काम नाही काही."

मग ते गप्प झाले. मीही गप्प. पलीकडे पाण्याच्या मोटरीचा आवाज येत होता. आता ते ठेवतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी ठेवला नाही.

"जेवली का?"

आमच्या घरात हा प्रश्न आईचा. आप्पांच्या तोंडून मी तो कधीच ऐकला नव्हता, आणि त्यांनाही तो जड गेला असावा, कारण विचारून झाल्यावर ते उगाच खाकरले.

"नाही अजून," मी म्हटलं. "आता वाढून घेईन."

"घे मग. मी हाये."

मी ताट वाढून घेतलं. फोन स्पीकरवर करून ताटाजवळ ठेवला आणि जेवायला बसले. भाकरी मोडताना माझे डोळे वाहत होते, पण भाजी तिखट झाली होती, त्यामुळे नाक ओढलं तरी चालण्यासारखं होतं.

"भाजी कायची?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"शेवग्याच्या शेंगा."

"हं."

पुन्हा नुसता मोटरीचा आवाज. अर्धी भाकरी संपली. मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला उशीर होत असेल. पाणी सुरू आहे ना बागेत?"

"सावकाश जेव," आप्पा म्हणाले. "मले घाई नाही."